अल्पाका पर्यावरणाला चांगला, पण कुठल्या?

मुळशी, मावळ, भोर या पट्ट्यात दोन-चार एकर घेऊन ठेवलेली बरीच पुणेकर मंडळी आता आंब्याच्या कलमांना कंटाळली आहेत. कुंपण झालं, बोअर झाली, छोटं घर झालं, आता त्या जागेवर काहीतरी जिवंत हवं. म्हैस नको, कारण तिला दोन वेळा धार काढायला माणूस लागतो. शेळी नको, ती सगळी झाडं खाईल. मग मोबाईलवर एक लांब मानेचा, कापसाच्या ढिगासारखा, सतत हसतोय असं वाटणारा प्राणी दिसतो आणि खाली लिहिलेलं असतं: जगातलं सर्वांत पर्यावरणपूरक पाळीव जनावर. खुराने जमीन उकरत नाही, गवत मुळासकट उपटत नाही, मिथेन कमी सोडतं, लोकरीला रंग द्यावा लागत नाही. "अल्पाका आपल्याकडे जगतील का हो?" हा प्रश्न मला आता चेष्टेत नाही, पूर्ण गांभीर्याने विचारला जातो. तेव्हा तो नीट उलगडून पाहू. वरच्या दाव्यांतले बहुतेक खरे आहेत, निदान अर्धे तरी. गोम आहे ती ते कुठे खरे आहेत यात.

अल्पाका हा उंटाच्या घराण्यातला. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात विकुन्या नावाचा रानटी, सडपातळ प्राणी अजूनही हिंडतो. त्यालाच सहा-सात हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी माणसाळवलं आणि अल्पाका तयार झाला. त्याचा थोराड भाऊबंद लामा ओझं वाहतो. अल्पाका मुख्यतः लोकरीसाठी. जगातले बहुतेक अल्पाका पेरू या एका देशात आहेत, 35 लाखांहून जास्त, आणि ते राहतात साधारण 3,500 ते 5,000 मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर आहे, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी अल्पाकाचं गाव अजून वरच राहतं. तिथे झाडं जवळपास नाहीत. दिवसा कडक ऊन, रात्री पारा शून्याखाली. हवा विरळ, म्हणून अल्पाकाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी आपल्यासारख्या गोल नसून लंबगोल असतात आणि त्यांतलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरतं. वजन 55 ते 85 किलो. मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. वर्षाला एका जनावरामागे दोन ते चार किलो लोकर, बस्स.

तसं पाहिलं तर अल्पाका आपल्याला अगदीच परका नाही. जुन्या वकिलांच्या आणि शिक्षकांच्या फोटोत दिसणारा तो काळा, किंचित चमकणारा लांब कोट पुष्कळदा अल्पाकाचा असे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा गिरणीमालक टायटस सॉल्ट याने 1836 च्या सुमारास लिव्हरपूलच्या गोदामात कुणी विचारत नसलेल्या अल्पाका लोकरीच्या गासड्या पाहिल्या आणि सुताचा ताणा, अल्पाकाचा बाणा असं कापड विणून दाखवलं. हलकं, चमकदार आणि टिकाऊ. त्याच पैशावर त्याने पुढे सॉल्टेअर हे अख्खं गाव वसवलं. मुंबई-पुण्याच्या हवेत कोट घालायचाच तर हे कापड सोयीचं होतं. म्हणजे अल्पाकाचं कापड इथल्या उन्हात टिकलं. प्राण्याचं तसं नाही, त्याकडे पुढे येतो.

आता दावे. पायाचा दावा खरा आहे. अल्पाकाला खूर नसतात. दोन बोटं, त्यांना पुढे नखं आणि खाली मऊ गादी. डोंगरउताराच्या पातळ मातीत शेळ्या-मेंढ्यांची टोकदार खुरं जशी रुततात, तशी ही गादी रुतत नाही. मंगोलियातल्या गवताळ प्रदेशाची दुर्दशा झाली आहे, त्यात कॅशमिअर या मऊ लोकरीसाठी बेसुमार वाढवलेल्या शेळ्यांचा मोठा हात आहे. त्या चित्राशेजारी अल्पाका ठेवला की तो संत वाटतो. गवताचंही तसंच. गाय जिभेने जुडी वेढून ओढते. अल्पाका खालच्या दातांनी वरच्या टणक हिरडीवर दाबून शेंडा खुडतो. अर्थात शेळी-मेंढीलाही वरचे पुढचे दात नसतात, तेव्हा या मुद्द्याचं फार कौतुक नको. आणि संत असला तरी तो चरतोच. अँडीजमध्ये उंचावर पाणथळ कुरणं असतात, त्यांना बोफेदाल म्हणतात. अल्पाकाला ती सगळ्यांत आवडतात, आणि जिथे कळप जास्त झाले तिथे हीच कुरणं खरवडली गेली आहेत. मऊ पावलांचं जनावरही संख्येने जास्त झालं की जमीन उघडी पडते.

मिथेनचा दावा जरा सावकाश घ्यायला हवा, कारण इथे बहुतेकांची गफलत होते. चारा खाणाऱ्या जनावराच्या पोटात सूक्ष्मजीव गवत आंबवतात, त्यात मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर पडतो. अल्पाकाच्या पोटाला गाईसारखे चार नव्हे, तीन कप्पे असतात, पण काम तेच चालतं. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीने 2006 साली देशोदेशींच्या हिशेबासाठी ढोबळ आकडे दिले होते: वर्षाला एका म्हशीमागे 55 किलो मिथेन, उंटामागे 46, अल्पाकामागे 8, आणि आपल्यासारख्या देशांतल्या शेळी किंवा मेंढीमागे 5. म्हशीच्या एक सप्तमांश! पण हाच तक्ता शेळीकडून वाचला तर अल्पाका दीडपटीहून जास्त सोडतो. झुरिकच्या संशोधकांनी 2014 मध्ये अल्पाका, लामा आणि दोन वशिंडांचे उंट यांचा मिथेन प्रत्यक्ष मोजला. शरीराच्या वजनाच्या मानाने या प्राण्यांचा मिथेन गाई-मेंढ्यांपेक्षा कमी निघाला. मात्र खाल्लेल्या चाऱ्याच्या मानाने पाहिलं तर जवळपास तेवढाच. म्हणजे त्यांच्या पोटात काही जादू नाही. त्यांचा चयापचय मंद, म्हणून ते खातात कमी आणि सोडतातही कमी.

मिथेनचा आकडा कशाने भागायचा, हा खरा प्रश्न. पीएमपीची बस स्कूटरपेक्षा कितीतरी जास्त इंधन खाते, तरी माणशी हिशेब केला की बस सरस ठरते. तसंच इथे. अल्पाका वर्षाला 8 किलो मिथेन सोडतो आणि समजा 3 किलो लोकर देतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवतो असं धरलं, तर एक किलो कच्च्या लोकरीमागे 70 किलोच्या वर कार्बन डायऑक्साइडइतका भार येतो. म्हैस 55 किलो सोडते खरी, पण वर्षभर घराला दूध देते. पेरूतला पशुपालक या हिशेबाला हसेल, आणि त्याचं बरोबर आहे. त्याच्याकडे अल्पाका म्हणजे फक्त लोकर नव्हे. मांस आहे, कातडं आहे, आणि झाडं नसलेल्या मुलखात वाळलेल्या लेंड्या हेच चुलीचं जळण आहे. भार एवढ्या सगळ्यांत वाटला जातो. तिथे शेती होत नाही, दुसरं जनावर नीट जगत नाही. त्या खडकाळ माळाचं माणसाच्या पोटात रूपांतर करायचा तोच एक रास्त मार्ग आहे. मुळशीच्या फार्महाऊसवर सेल्फीसाठी ठेवलेल्या चार अल्पाकांचा भार कशात वाटणार?

लोकरीबद्दल मात्र मनापासून चांगलं बोलता येतं. मेरिनोसारख्या मेंढीच्या लोकरीत लॅनोलिन नावाचं मेण भरपूर असतं. ते काढायला गरम पाणी आणि साबण लागतो आणि त्याचं सांडपाणी त्रासदायक असतं. अल्पाकाच्या लोकरीत हे मेण फारच थोडं, म्हणून धुलाई सोपी. पांढरा, बदामी, तपकिरी, राखाडी, काळा असे नैसर्गिक रंग बाजारात वीसहून जास्त छटांत मोजले जातात, तेव्हा रंगवण्याशिवायही काम भागतं. धाग्याची जाडी साधारण 18 ते 30 मायक्रॉन. पश्मिन्याची 12 ते 15 असते, म्हणजे पश्मिन्याइतकी नाही पण अंगाला लागून घालता येईल इतकी मऊ.

ही लोकर निघते कशी, तेही माहीत असावं. वर्षातून एकदा जनावराला आडवं पाडतात, पुढचे आणि मागचे पाय दोरीने दोन दिशांना ताणून बांधतात, एक जण डोकं धरतो आणि कातरणारा पाठ-कुशीवरची लोकर आधी एकसंध चादरीसारखी सोलून काढतो, कारण तीच सर्वांत महाग. मान आणि पाय नंतर. सवयीच्या हाताखाली हे काही मिनिटांत उरकतं. जनावर ओरडतं, थुंकतं, कधी पोटातलं हिरवं थुंकतं आणि तो वास शर्टातून लवकर जात नाही. घाईने किंवा राकटपणे केलं तर ते क्रूर होतं. 2020 मध्ये पेरूतल्या एका मोठ्या फार्मवरचं छुपं चित्रीकरण बाहेर आलं, काही मोठ्या कपडा कंपन्यांनी हात झटकले आणि पुढच्या वर्षी जबाबदार अल्पाकापालनाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आलं. 'निसर्गस्नेही' शिक्का जनावराच्या जातीवर मारून चालत नाही, पाळणाऱ्याचा हातही पाहावा लागतो.

आता पुणे. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. अँडीजमध्ये अल्पाकाचं अंग थंडी अडवायला घडलं. इथे त्याला उष्णता बाहेर टाकायची आहे. त्याच्या अंगाचं तापमान 38-39 अंश. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस झाले की हवाच अंगापेक्षा तापलेली, मग घाम आणि धाप याखेरीज उष्णता जाणार कुठून? अल्पाकाच्या पोटाखाली आणि मांड्यांच्या आत केस विरळ असतात, तिथूनच तो गार होतो. म्हणून परदेशातले पाळणारे उन्हाळ्यात पाण्याचा पाइप पोटाखाली आणि पायांवर धरतात, पाठीवर नाही. पाठीवरची लोकर भिजली की ती ओल्या गोधडीसारखी उष्णता कोंडते आणि जनावर आणखी तापतं. त्यांचा एक ढोबळ नियम आहे: फॅरेनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रता यांची बेरीज करायची. 120 च्या आत निश्चिंत, 180 च्या वर जिवाला धोका. मेमधली कोरडी दुपार 104 अधिक 20, म्हणजे 124. जूनमध्ये पाऊस लागला, पारा उतरला, आपल्याला हायसं वाटलं, की हिशेब होतो 86 अधिक 80, म्हणजे 166. ज्या दिवसांत पुणेकर सिंहगडावर भजी खायला निघतात, ते दिवस अल्पाकाला मेपेक्षा वाईट.

आणि मुळशीचा पाऊस म्हणजे काय, हे तिथे जागा घेणाऱ्यांना सांगायला नको. चार महिने चिखल. मऊ गादीचे पाय सतत ओले, लोकर सुकत नाही, पोटात जंत. भातखाचरांच्या, ओढ्यांच्या कडेला गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातला चपटा कृमी जनावरात शिरतो. आपल्या शेळ्या-मेंढ्यांनाही तो होतो, पण तिथे पशुवैद्याला रोग, औषध, मात्रा सगळं पाठ आहे. अल्पाका सोशिक; दुखणं लपवतो आणि बसला की मग उठत नाही. कुंपणालगत शोभेची कण्हेर लावली असेल तर ती आधी काढा, कारण तिची थोडी पानंही पुरतात. उतारावरची घाणेरीही विषारीच. इंग्लंडात अल्पाका कोंबड्या-कोकरांची कोल्ह्यापासून राखण करतो, हे खरं आहे. आपल्याकडे कोल्ह्याचा प्रश्न नाही, बिबट्याचा आहे. जुन्नर-आंबेगावच्या उसातला बिबट्या अल्पाकाला राखणदार म्हणणार नाही.

शिवाय आणायचा कसा? जिवंत जनावर देशात आणायला 1898 च्या पशुधन आयात कायद्याखाली परवानगी, रोगमुक्तीचे दाखले आणि विलगीकरण लागतं. तुम्ही म्हणाल, उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये बायफ ही शेती-पशुपालनाची संस्था सुरू केली, तिथून पुढे परदेशी वळूंच्या गोठवलेल्या वीर्यावर गावोगावी संकरित गाई उभ्या राहिल्या, तसं करू. तो रस्ताही बंद आहे. उंटाच्या घराण्यातल्या नरांचं वीर्य इतकं चिकट असतं की ते गोठवून पुन्हा वापरणं अजून भरवशाचं झालेलं नाही. शिवाय मादीत बीज सुटतं ते समागमानंतरच. तेव्हा जनावरंच आणावी लागणार, आणि एकट-दुकट अल्पाका झुरतो, म्हणून निदान तीन-चार.

समजा आणले, जगलेही. लोकर कोण घेणार? पेरूतली बहुतेक लोकर आरेकिपा या एका शहरातल्या मोजक्या गिरण्यांत जाते. गिरणी टनांत बोलते. तुमच्याकडे असेल एक पोतं. अमेरिकेत 1984 पासून अल्पाका आले आणि काही वर्षांत एकेक जनावर हजारो डॉलरला जाऊ लागलं. लोकरीतून ते पैसे कधीच निघणार नव्हते. कमाई होती ती पुढच्या हौशी माणसाला पिल्लू विकण्यात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या दोन अर्थतज्ज्ञांनी 2007 मध्ये हा फुगा आहे असं उघड लिहिलं. मंदी आली आणि फुटला, लोक जनावरं फुकट द्यायला लागले. हे वाचताना महाराष्ट्रातल्या पुष्कळ शेतकऱ्यांना ईमू आठवेल. तेल, मांस, पिसं, अंडी, सगळ्याला मागणी म्हणे. प्रत्यक्षात मागणी होती ती फक्त पिल्लांना. 2012 मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईची मोठी कंपनी कोसळली आणि आपल्याकडच्या ईमूंना चारा घालणंही परवडेना.

इतकं सगळं नकारात्मक लिहून मी थांबलो असतो, पण ज्या गुणांसाठी लोक अल्पाकाकडे बघतात ते गुण असलेली एक व्यवस्था पुण्याच्या रस्त्यावरून दरवर्षी चालत जाते आणि आपण गाडीत बसून हॉर्न वाजवतो. धनगरांची दख्खनी मेंढरं. कोरड्या माळावर, गायरानात, कापणी झालेल्या रानात चरणारी, उन्हाला सरावलेली, मैलोगणती चालणारी जात. एका जागी ठाण मांडून चरत नाहीत, म्हणून गवताला उसंत मिळते. लोकर काळी, रंगवायची गरज नाही. कातरणीआधी मेंढ्या ओढ्यात धुऊन घेतात. चरख्यावर सूत काढायचं, विणकर सणगराने ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने फासायची, वाळली की मागावर घोंगडी विणायची. यात रसायन शोधूनही सापडणार नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जावळ, तिची घोंगडी मऊ आणि महाग. बाकीची टोचते, हे कबूल. स्वेटरची अपेक्षा तिच्याकडून करू नये.

मिथेनचा हिशेब इथेही लावा, सूट नको. मेंढी वर्षाला 5 किलो मिथेन सोडते आणि लोकर देते जेमतेम. सगळा भार लोकरीवर टाकला तर दख्खनी मेंढी अल्पाकापेक्षा वाईट ठरेल. पण ही मेंढी लोकरीसाठी पाळलेलीच नाही. ती मटणासाठी आणि लेंडीखतासाठी आहे, आणि आहेच. लोकरीला भाव नाही म्हणून कातरणीची मजुरी पदरची देऊन पुष्कळ धनगर ती चक्क टाकून देतात. टाकून दिली जाणारी लोकर वापरली तर जगात एक ग्रॅमही नवा मिथेन येत नाही. अल्पाका आणला तर येतो. माझ्या मते वादाचा निकाल इथेच लागतो.

मेंढीत सुधारणाही इथेच झाली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या छोट्या गरोळ मेंढीचा जुळी देणारा जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. पुण्यात गोखलेनगरला तर मेंढी-शेळी महामंडळाचं मुख्य कार्यालयच आहे. जनावर पाळायचंच असेल तर पहिली चौकशी तिथे करा. हौसेपुरती पाच-सहा मेंढरं ठेवणार असाल तरी मुळशीच्या पावसाळ्यासाठी उंच, कोरडा, हवेशीर गोठा लागेल. दख्खनीलाही चार महिन्यांचा चिखल मानवत नाही.

आणि पाळायचं नसेल, फक्त जमीन जिवंत व्हावी एवढंच हवं असेल, तर वाडा बसवून घ्या. म्हणजे काही रात्री मेंढरं तुमच्या रानात जाळी लावून बसवायची. लेंड्या आणि मूत जागच्या जागी जमिनीत जातं, त्याबद्दल धनगराला पैसे किंवा धान्य द्यायचं. पावसाळ्यात ही मंडळी बारामती, फलटण, पारनेरकडच्या कोरड्या भागात असतात. दिवाळीनंतर, भात निघालं की पश्चिमेकडे, कोकणाकडे सरकतात. तेव्हा रस्त्यात थांबून विचारायचं. दर ठरतो तो मेंढरांच्या संख्येवर आणि रात्रींवर. तुमच्याकडे पाणी आहे का आणि कुंपणाचं फाटक कळप आत येईल इतकं रुंद आहे का, हे ते आधी विचारतील. कण्हेर असेल तर तेही सांगा.